अनोळखी साडभाऊ

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या साडभाऊंइतका हेकट माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला सॉफ्टवेअर लिहिता येत नसावं, एवढीच माझी प्रार्थना. साडभाऊ अमरावतीत घरी बसून बी-बियाणे आणि खतांच्या दुकानांसाठी बिलाचा प्रोग्रॅम तयार करतात. गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची, त्याने फाईल डाउनलोड करायची, झालं काम. निदान त्यांच्या मते. अकोल्याचे एक दुकानदार ती फाईल रोज सकाळी नव्याने उतरवून घ्यायचे. कालची शिळी झाली असेल, म्हणायचे. दुसऱ्याने ती लिंक सुप्रभातच्या फुलांसोबत झाडून सगळ्या नातेवाइकांना धाडली. साडभाऊंनी दोघांनाही समजावलं नाही. उलट "जाहिरात होऊन राहिली" म्हणत खूश झाले.

खरी गंमत पुढेच आहे. फाईल उघडायला गेलं की संगणक इशारा देतो: प्रकाशक अनोळखी आहे, प्रोग्रॅम चालवल्यास धोका होऊ शकतो. दुकानदार घाबरून हात मागे घेतो. यावर शहाणी माणसं एखाद्या मोठ्या कंपनीकडून ओळखीचं प्रमाणपत्र विकत घेतात, म्हणजे तो इशारा येत नाही. हे मी साडभाऊंना घसा बसेपर्यंत सांगितलं. "ज्यानं मले कधी पाह्यलं नाही, तो मायी ओळख देईन? अन् वरून पैसे मी देऊ? कायले?" एवढं बोलून हे महाशय पिशवी उचलतात, बस पकडून थेट बाळापूर गाठतात आणि दुकानदाराच्या खुर्चीशेजारी उभे राहून विचारतात, "मले ओळखता ना? मंग दाबा." प्रोग्रॅमात काही बदललं की दर वेळी हाच तमाशा. असला धंदा करण्यापेक्षा रसवंती टाकलेली बरी, असं मी बायकोला कितीदा तरी म्हटलं आहे.

यंदा पेरणीच्या तोंडावर कराचे दर बदलले आणि नेमका साडभाऊंचा पाय मोडला. नवा प्रोग्रॅम टाकल्याशिवाय दुकानांची बिलं निघेनात. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस बाळापुरात फिरू लागला होता. तिथली गिऱ्हाइकं गेली असती तर साडभाऊंचा धंदाच बसला असता. म्हणून मी गेलो. तिथले चाचा म्हणजे साडभाऊंचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांनी मला चहा पाजला, पण बटण काही दाबू दिलं नाही.

"तुमाले मी कुठं ओळखतो?"

मी साडभाऊंना व्हिडिओ कॉल लावून दिला. चाचांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. "आजकाल कोनाचंही तोंड चिपकवतात यात."

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतःच बसने अमरावतीला आले. पलंगाशेजारी बसून त्यांनी साडभाऊंना नीट न्याहाळलं, पायाची चौकशी केली आणि दुकानात मुलाला फोन लावला. "सामने बैठे हैं. दबा दे." मग बाळापूरच्या बाकीच्या दुकानदारांनाही एकेक करून तेच सांगितलं. एरवी तोंडाला खळ नसलेले साडभाऊ नुसते चाचांचा हात धरून बसले.

मला त्यांचा हेवा वाटला. माझी सगळी कागदपत्रं जागच्या जागी आहेत. पण हा तोच माणूस आहे ना, एवढं पाहून घ्यायला माझ्यासाठी बाळापूरहून कोणी बसमध्ये बसेल, असं वाटत नाही.