शिवणाचा खडू

“आणि पाय घसरला असता तर? खाली एवढं धरणाचं पाणी. ओरडली असतीस तरी ऐकणार कोण, मासे?” भावाचा आवाज सकाळपासून उतरला नव्हता.

“माशांना कुठे कान असतात,” आत्या म्हणाली आणि मशीनच्या सुईत दोरा ओवू लागली.

ती भावाची थोरली बहीण. भाच्यांची आत्या, म्हणून सगळ्या गल्लीची आत्या. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून बसली ती बसलीच. उठायची ती कुणाच्या तरी सोबतीला. आईच्या आजारपणात दवाखान्यात, वहिनीच्या बाळंतपणांत, भाच्यांच्या परीक्षांना. बसून बसून गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एका रविवारी ती बसने शेवटच्या थांब्यावर उतरली आणि धरणाच्या कडेने डोंगरातून जाणारी पायवाट तिला सापडली. एका वेळी एकच माणूस मावेल एवढीच वाट. तेव्हापासून रविवार तिचा झाला.

काल ती नेहमीच्या वळणापुढे, खिंडीपर्यंत गेली. वाट जिथे जिथे फुटली, तिथे दगडावर खडूने खूण केली. परतताना पाण्यावरून धुकं वर चढलं, दगड ओले झाले आणि खुणा गेल्या. खडू शिवणाचा होता. ओलं फडकं फिरवलं की जावा म्हणूनच केलेला.

अंधार पडल्यावर धरणाच्या चौकीतून फोन आला आणि भाऊ रिक्षा घेऊन धावला.

“गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग राहू नये म्हणून वापरायचा तो खडू,” वहिनी दारातून म्हणाली. “तो डोंगराला लावलात, वन्सं? डोंगर काय धुऊन परत द्यायचा होता?”

आत्याला हसू आलं. भावाला नाही. “साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही.”

“साठीला अजून अवकाश आहे.”

“ताई, थट्टा पुरे. आजपासून ते डोंगर बंद. चालायचंय तर गच्चीवर चाल. नाहीतर मी येत जाईन बरोबर.”

तो मनापासून बोलत होता, हे तिला कळत होतं. काल ती घाबरली होती, हेही खरं. दोनदा चुकून पाण्यापर्यंत उतरली, दोनदा गुडघे धरून वर चढली. पण चौकी तिची तिनेच गाठली होती. तिथपर्यंत तिला कुणी आणलं नव्हतं. घरात हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि आता सांगितलं असतं तर फुशारकी वाटली असती.

तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं. कोपऱ्यातल्या पिशवीतून लाल कातरण उपसून त्याच्या लांब चिंध्या फाडायला बसली.

“हे काय आता?” वहिनीने विचारलं.

“झाडांना बांधायला. येत्या रविवारी मी खिंडीपलीकडे जाणार आहे. एकटी. पहिल्या बसने निघेन, दुपारचा स्वयंपाक तुम्ही दोघांनी बघा.”