हाताकडे न बघणारे परब

लिंबाच्या वासाचा कुठलासा साबण, आणि त्याच्या मागून हळूच येणारा सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, खारट दरवळ. मुलुंडच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये हे दोन वास एकमेकांत मिसळले, की समोरचे परब सुट्टीवर आले हे कळे. मग दारावर बोटाच्या पेराची टकटक. बेल असूनही ते कधी बेल दाबत नसत. टकटक करून एक पाऊल मागे सरत आणि हात पाठीशी बांधून उभे राहत. स्वतःच्या घरातही ते असेच शिरत. आतून त्यांची पत्नी शुभावहिनी ओरडे, "अवो, घर तुमचाच आसा! की पासपोर्ट दाखवतात?"

परब मूळचे वेंगुर्ल्याचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर हे समुद्रावर गेले. प्रवासी क्रूझ बोटीवर पाहुण्यांच्या खोल्या लावणे, चादरी बदलणे, टॉवेलांच्या घड्यांतून हंस आणि हत्ती घडवून पलंगावर ठेवणे, हे त्यांचे काम. सुट्टीत गच्चीवर माझे टॉवेल वाळत असले, तर संध्याकाळी माझ्या दाराशी सोंड उंचावलेला एक हत्ती बसलेला असे. मी बिरड्याची वाटी घेऊन गेले, की त्यांची नजर माझ्या चेहऱ्याआधी वाटीकडे धावे. "बाय, काय हाडलंस गो? वाल?" आणि वाटी दारातच अर्धी होई.

मी एकदा चेष्टेने म्हटले, "बोटीवर पण असंच पाहुण्यांच्या हातात डोकावता का?"

ते एकदम गंभीर झाले. "थंय पावण्याच्या हाताकडे बघूचा नाय. डोळ्यांत बघूचा. हात बघलो, की मान गेली."

बक्षिसीच्या या शिष्टाचारात त्यांचे सारे आयुष्य मुरले होते. त्यांनीच मला समजावले होते, की बोटीवर सेवेचा आकार, म्हणजे सर्व्हिस चार्ज, रोजच्या रोज पाहुण्याच्या खोलीच्या बिलात चढतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. "तुका मी दिसतंय. पण खालती, पाण्याच्या पातळीखाली, चादरी धुणारो दिसता काय? त्येचोय वाटो त्येच्यात आसा." एखाद्याने खाली काउंटरवर सांगितले, तर तो आकार काढून टाकतात. मात्र कारण विचारतात. आणि ते कारण खोलीच्या नंबरासकट वर पोचते.

त्या कारणाची त्यांना भीती वाटे. ही भीती त्यांच्या अंगाला त्या साबणासारखीच चिकटली होती. त्यांच्या गावचा एक सोबती, कुणा पाहुण्याने काहीबाही लिहिले म्हणून पुढच्या करारावर बोलावलाच गेला नाही. करार संपला की पगार थांबतो. मग कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून पुन्हा फोन येईपर्यंत घरात नुसती वाट. मुलगी फिजिओथेरपी शिकत होती, घराचे हप्ते चालू होते. त्या दिवसांत परब फोन स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, देव ठेवावा तसा उभा करून ठेवत. "दर्याचा भय सोपा गो, बाय," ते म्हणत. "वादळ सांगान येता. पावणो हसत हसत जाता, आणि मागसून कागद येता."

माझे मोठे दीर, अण्णा, बोरिवलीला राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, सढळ हाताचे गृहस्थ. आपल्या साठीनिमित्त त्यांनी साऱ्या कुटुंबाला मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर न्यायचे ठरवले. बोटीचे नाव मी दोनदा विचारून घेतले. ती परबांची बोट होती. मी त्यांना कळवले, तेव्हा फोनवर ते हसले, पण हसण्याच्या तळाशी कंप होता. "माका वळख दाखवू नको हां. वळखीच्यांका सवलत दिली म्हणतले, माझी वाट लागात. बोटीर चढलंस की तू पावणी. उतारताना मात्र परत शेजारीण होवन उतर."

आमच्या नशिबी त्यांचाच मजला आला. पांढऱ्या कोटातले परब लांबलचक गालिच्यावरून आवाज न करता येत. "गुड मॉर्निंग, सर. गुड मॉर्निंग, मॅडम." नजर थेट डोळ्यांत, आणि ओठांवर एक घडी घातलेले हसू. पहिल्या दिवशी मला त्या खेळाची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी त्या हसण्याकडे बघवेना. बंद दारामागे कुणीतरी श्वास रोखून उभे असावे, तसे ते होते.

शेवटच्या संध्याकाळी मी खोलीत आले, तेव्हा पलंगावर हत्ती होता. त्याची सोंड खाली लोंबत होती. परबांच्या हातून अशी घडी कधी बिघडलेली मी पाहिली नव्हती. तेवढ्यात टकटक झाली. दारात परब, हातात एक लिफाफा, आणि चेहरा चुन्यासारखा.

"बाय," ते कुजबुजले. बोटीवर प्रथमच. "तुझ्या दिरांनी खालती चार्ज काढूक सांगलो काय? ह्यो लिफाफो माका दिलो. चार्ज काढलो असात तर ह्यो माका ठेवूक गावाचो नाय, जमा करूक व्हयो. ता मी करीन गो. पण... कारण काय सांगलानी?"

गालिच्याच्या टोकाशी कुणा अधिकाऱ्याचे बूट दिसले. क्षणात त्यांची पाठ ताठ झाली, हसू पुन्हा ओठांवर आले. "एनीथिंग एल्स, मॅडम?"

मी अण्णांची खोली गाठली. ते खुशीत बॅग भरत होते.

"हो, काढायला लावला," ते म्हणाले. "कंपनीच्या घशात कशाला घालायचं? दिवाळीचं पोस्त मी पोस्टमनच्या हातात देतो, का पोस्टाच्या पेटीत टाकतो? माणसाच्या हातात दिलं की माणसाला पोचतं. त्या परबला चांगलं भरभरून दिलंय."

"अण्णा, कारण काय सांगितलंत?"

"ती काउंटरवरची पोरगी मागेच लागली होती. कारण भरल्याशिवाय पुढे जात नाही म्हणे. म्हटलं, लिही, टॉवेल ओलसर होते. काहीतरी सांगायचं म्हणून गं!"

परब कोण आहेत हे मी त्यांना सांगितले. त्या कारणाने काय होऊ शकते, तेही. अण्णा बॅग तशीच टाकून दाराकडे निघाले. "मग मी आत्ता जातो आणि सांगतो, की बाबांनो, तो आमच्या घरचाच माणूस आहे!"

मी दारात आडवी उभी राहिले. त्यांच्या त्या भाबड्या चांगुलपणाची मला वादळाहून अधिक भीती वाटली.

शेवटी आम्ही दोघे खाली गेलो. ओळखीचा उच्चार न करता अण्णांनी सांगितले, की त्यांची चूक झाली, टॉवेल कोरडे होते, खोली उत्तम होती, आकार पुन्हा लावावा. काउंटरवरच्या मुलीने पापणीही न हलवता काहीतरी टाइप केले. "नोटेड, सर." पहिले कारण पुसले का, असे मी विचारले. ती गोड हसली. "सगळं नोंदवलेलं असतं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरताना परब निरोप देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या रांगेत उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले, अगदी नियमाप्रमाणे, आणि त्या डोळ्यांत मला कुठेच जागा नव्हती.

करार संपवून ते घरी आले, तेव्हा पॅसेजमध्ये साबणाचा वास आला, सुंगटांचा आला नाही. मी काउंटरवर घडलेले सारे त्यांना सांगितले. "तुझो काय दोष नाय," ते एवढेच म्हणाले. मात्र दाराशी हत्ती बसला नाही. पूर्वी ज्या मुदतीत फोन येई, ती उलटली. पॅसेजपलीकडे फोन वाजला, की दोन्ही घरांतली भांडी थांबत. शुभावहिनीचा "हॅलो" ऐकू येई, मग तिचा उतरलेला स्वर, "नाय, राँग नंबर." माझ्या हातातला चमचा तोवर कढईच्या काठावर तसाच असे. गच्चीवर एकदा ती म्हणाली, "रात्री झोपेत सुद्धा चादरी ओढतत गो. ओली काय सुकी, हात लावन बघतत."

आणि एका दुपारी ती ओढणी सावरत धावत आली. "इलो! फोन इलो! त्याच बोटीर!" आम्ही दोघी दारातच रडलो. कागदाने काही केले होते की नाही, उशीर त्याचाच होता की नुसता उशीर, हे कुणालाच कळणार नव्हते. ते आता कळायलाही नको होते.

निघण्याच्या दिवशी मी वालाचे बिरडे केले. नारळाच्या रसाची वाफ अजून वाटीवर डुलत होती. त्यांच्या दारापुढे उभी राहून, मलाही का ते कळले नाही, पण मी बेलऐवजी पेराने टकटक केली.

दार उघडले. इस्त्रीचा शर्ट, मागे बांधून ठेवलेली बॅग. वाफ आमच्या दोघांच्या मधून वर जात होती. मी वाटी थोडी पुढे केली. परबांनी टाचा जुळवल्या, हात पाठीशी नेले. त्यांची नजर वाटीकडे गेलीच नाही. ती सरळ माझ्या डोळ्यांवर येऊन थांबली, आणि घडी घातलेले ते हसू ओठांवर उमटले.

"मॅडम."