मोठ्या पेटीची तोंडं

मी पट्टी दाबली आणि नुसता फुस्स करून वारा आला. दुसरी दाबली, तेच. तिसरी, चौथी, सगळ्या दाबल्या.

वडूजजवळच्या आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये हा जुना पाइप ऑर्गन आहे. मिशनच्या साहेबांनी बैलगाडीतून आणला म्हणतात. गावात त्याला ऑर्गन कुणी म्हणत नाही, मोठी पेटी म्हणतात. मागून एकानं भाता मारायचा, पुढं बसलेल्यानं वाजवायचं. वारा नळ्यांत शिरतो आणि नळ्या गातात. आमचे वडील, आप्पा, जन्मभर ती वाजवत आले. गेल्या नाताळला हात कापायला लागले, तेव्हाच मला म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तू वाजव. मला एकदा समोर बसून ऐकायचीय." म्हणून तर मी सांगलीहून चार दिवस आधी आले होते.

वाकून बघितलं. प्रत्येक नळीला खालच्या अंगाला एक आडवी फट असते, आवाज तिथूनच निघतो. लहानपणी मी त्या फटीत बोट घातलं, तर आप्पांनी हातावर सणसणीत चापट दिली होती. "तोंड हाय ते तिचं. कुणाच्या तोंडात बोट घालतीस व्हय गं?"

आता एकूण एक तोंड रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवून, घासून सपाट केलेलं. वर सोनेरी ऑइलपेंट. काय ते सफाईदार काम!

"अरे मेल्या, काय करून ठेवलंस हे?" मी ओरडलेच. धाकटा भाऊ भाता सोडून घामाघूम पुढं आला. दर नाताळला चर्चला रंग तोच देतो. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आक्का, मला नगं बोलू. आप्पांनी खुर्ची टाकून, समोर बसून भरून घेतलं एकेक भोक."

"खोटं बोलू नकोस!"

"देवाशप्पत. मला काय कळतंय पेटीतलं? त्यांना इचारल्याबिगर कवा धूळ तरी झटकलीय का आपण तिच्यावरची?"

हे मात्र खरं होतं. आप्पा पहिल्या बाकावर स्वेटर घालून बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"आप्पा, आवं, तोंडं का बुजवली?"

"उंदरं शिरत्यात गं त्यातनं," ते खुशीत म्हणाले. "लय भोकं पडली हुती."

"मग आवाज कुठनं यायचा?"

त्यांनी पेटीकडं बघितलं. पाहुण्यांच्या घरातलं कपाट बघावं तसं, वरपासून खालपर्यंत.

"कसला आवाज?"

दर रविवारी फोनवर बोलायचे माझ्याशी. जेवलीस का, पोरं कशी हाईत, सगळं नीट विचारायचे. कसं कळणार होतं मला? रडू फुटेल म्हणून मी पाठ फिरवली, केसातली पिन काढली आणि पहिल्या नळीचं तोंड खरवडायला लागले. थोडी लांबी निघाली, तेवढ्यात हातावर सणसणीत चापट बसली.

आप्पा मागं उभे होते. "हात लावू नगं तिथं," ते म्हणाले. "रंग निघंल."