जांभळ्या खणाचा तपास

आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात सत्यभामाकाकूंना सगळे ‘जासूस काकू’ म्हणतात, आणि म्हणताना हसतात. मला आता त्या हसण्याचा संताप येतो. पूर्वी मीही हसायचे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी लबाडी काढायला नको.

काकू त्र्याहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात अर्ध्या रायपूरचे आवाज त्यांच्या कानावरून गेले. कोणाचं लग्न ठरल्याचे, कोणाच्या मयताचे, ‘साहेब घरी नाहीत’ असं साहेब स्वतःच सांगायचे तेसुद्धा. त्यामुळे समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की काकूंना त्याच्या तोंडाकडे बघावंच लागत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना रहस्यकथांचा नाद लागला. बंदुका आणि मारामाऱ्या असलेल्या नव्हेत. छोटंसं गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि त्यात एखादी बेकरीवाली नाहीतर पेन्शनर मास्तरीण, जिला कोणी मोजत नाही पण जी गुन्हा शोधून काढते, अशा. भाचीच्या मुलीने टॅबलेटवर पन्नासेक पुस्तकं भरून दिली होती. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. ‘पोलीस त्यात फक्त चहा प्यायले येतेत,’ असं त्या कौतुकाने सांगायच्या.

काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. आमचं भगिनी मंडळ तसं फार सुधारलेलं. ‘विधवा भगिनींनाही सन्मानाने बोलवावे’ असा ठराव आम्ही टाळ्या वाजवून पास केला आहे. बोलावणं मात्र कोणी पाठवलं नाही. मीही नाही. ठराव केला की काम झालं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता या वर्षीची गोष्ट. मंदाकिनीबाई मंडळाच्या अध्यक्ष. यजमान श्यामराव मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, घरात सासूची अकरा मोत्यांची नथ. रथसप्तमीला ती घालायला म्हणून त्यांनी कपाट उघडलं, तर मखमली डबी रिकामी. आदल्या आठवड्यात त्यांच्या कामवाल्या सरिताने ते कपाट पुसलं होतं. बस, एवढं पुरलं. तासाभरात मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरिताचा फोटो आला आणि खाली मजकूर: ‘ह्या बाईपासून सावध राहा. माझी नथ चोरली आहे. कोणीही कामावर ठेवू नये.’ पोलिसांत कोणी गेलं नाही. तिथे पुरावा विचारतात.

सरिता पाच घरी काम करायची. मंदाकिनीबाईंचं एक, माझं एक, काकूंचं एक, आणखी दोन. संध्याकाळपर्यंत चार घरं सुटली. माझ्या दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, “मैं चोरी नइ करे हंव, दीदी.” मी म्हटलं, “अभी कुछ दिन मत आओ, बाद में देखते हैं.” नऊ वर्षं जिने माझं घर सांभाळलं, माझ्या तापात माझं डोकं चेपलं, तिला मी चौकटीच्या आत न घेता हे सांगितलं. पाचवं घर काकूंचं. काकूंनी तिला दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला बोलावलं आणि ती भांडी घासायला बसल्यावर चप्पल घालून मंदाकिनीबाईंकडे गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं.

“मंदा, डबी दाखव,” काकू म्हणाल्या. डबी आली. काकूंनी ती उघडली, आत बोट फिरवलं. “ह्याच्यात कापूस नव्हता काय?”

“होता न. मोत्याची नथ कापसाशिवाय कशी ठेवीन, वहिनी?”

“मग कापूस कुठी गेला? चोरानं नेला असता तर डबीसकट नेली असती, नाही तर नुसती नथ नेली असती. कापूस काहून नेईल? नथ कापसात गुंडाळून दुसरीकडे ठेवते ते घरची बाई. डिसेंबरात तू लग्नाले नागपूरले गेली होतीस. तेव्हा कुठी ठेवली?”

मंदाकिनीबाई डबीचं झाकण लावत म्हणाल्या, “आठवत नाही.” काकूंनी फक्त ऐकलं. आणखी दोन वेळा विचारल्यावर खरं बाहेर आलं. घर बंद राहणार म्हणून त्यांनी नथ कापसासकट काढून एका जांभळ्या खणाच्या घडीत सारली होती आणि तो वाटायच्या खणांच्या गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला होता. संक्रांतीला वाण म्हणून त्यांनी तो अख्खा गठ्ठा वाटून टाकला. त्यांना हे आठवलं होतं, काकू येण्याच्या आदल्या रात्रीच. पण सरिताचा फोटो टाकून झाला होता.

“आता काय करू? दिलेलं वाण परत मागू काय?” त्यांनी काकूंना विचारलं.

मला हे वाक्य आजही ऐकवत नाही. दिलेलं वाण परत मागायला लाज वाटते. दिलेली शिवी परत घ्यायचा विचारही मनात येत नाही. एक बाई चार घरांतून उठली, तिच्या पोरीची शाळेची वर्षं तिच्या हातांवर आहेत, आणि आमच्या अध्यक्षबाईंना रीतभात सुचते.

तर काकू स्वतः निघाल्या. ज्यांना कोणी वाण देत नाही त्यांनी वाणाचा शोध लावायचा. इथे एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. आमच्यात हळदीकुंकवाला मिळालेला खण सहसा शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. घडी न मोडता, पिशवी न उघडता तो पुढच्या बाईच्या ओटीत जातो. सगळ्या हे करतात आणि एकही कबूल करत नाही. मीही कधी कबूल केलेलं नाही.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते. “ज्ञानदा, तुह्याकडे जांभळा खण आला होता काय ह्या संक्रांतीत?”

“आला होता, काकू. शिवायला टाकला.”

“कोणाकडे?”

“तात्यापाऱ्यात, तुळशीरामकडे.”

“हव,” म्हणाल्या, चहा प्यायल्या, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि गेल्या.

मी खोटं बोलले होते. खण यज्ञेश्वर गुरुजींच्या बायकोने मला दिला आणि मी तो चार दिवसांनी शंकर नगरला, माझ्या चुलत दिराच्या बायकोला, सोनियाला दिला. देताना वर म्हणाले, ‘खास अकोल्याहून आणलाय गं तुझ्यासाठी, माहेरचा.’ ते खोटं उघडं पडू नये म्हणून हे दुसरं. पण एवढंच असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती. खण पिशवीत घालताना माझ्या बोटांना त्याच्या घडीत टणक गाठीसारखं काहीतरी लागलं होतं. मला वाटलं, ओटीतली सुपारी आत राहिली असेल. उघडून बघितलं असतं तर घडी मोडली असती, मग तो देता आला नसता. आणि ग्रुपवर सरिताचा फोटो आला, ‘नथ चोरली’ वाचलं, त्या क्षणी मला ती गाठ आठवली. मी टाइप करायला घेतलं. दोन शब्द लिहिले, खोडले, फोन उलटा ठेवला आणि कणीक मळायला घेतली. त्याच संध्याकाळी सरिता दारात आली तेव्हा मला माहीत होतं.

काकू त्या आठवड्यात अकरा घरी गेल्या. अकराही जणींनी हेच सांगितलं की आलेला खण शिवायला टाकलाय. बहुतेकींनी तुळशीरामचंच नाव घेतलं, कारण जुना म्हणून तोच सगळ्यांना आठवतो. काकू रिक्षा करून तात्यापाऱ्यात गेल्या. तुळशीराम मशीनवर शाळेच्या पँटची चेन बदलत बसला होता. तो म्हणाला, “संक्रांतीपासून एक खण नाही आला, दीदी. आता सगळ्या रेडिमेड घेतात. मी तर नुसतं आल्टरचं काम करून राहिलो.”

शनिवारी दुपारी काकू परत माझ्या दारात. या वेळी चहा घेतला नाही. “तुळशीरामकडे खण नाही. मले तुहा खण कुठी गेला ते नको सांगू, ते मी काढीन. तू खोटं काहून बोलली ते सांग. पहिल्या दिवशी तुहा आवाज खण फिरवल्याच्या लाजेचा नव्हता, पोट्टी. तो भ्यालेला होता.”

मी सगळं सांगितलं. गाठीचंसुद्धा. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं की स्कूटर काढ.

सोनियाने दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि हसत म्हणाली, “वो पर्पल वाला? वो तो ड्रॉअर में पड़ा है, काकू. मैं साड़ी पहनती कहाँ हूँ.” सोनिया हिंदी घरातली, खण फिरवायचा असतो हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो तिथे थांबला. काकूंनी पिशवी उघडली, घडी मोडली. कापसात नथ होती. मी सोनियाला माहेरचा खोटेपणाही तिथेच सांगितला. ती म्हणाली, “अरे, कोई बात नहीं, भाभी.” तिच्या दृष्टीने खरंच काही बात नव्हती.

हिशेब असा निघाला की मंदाकिनीबाईंपासून सोनियापर्यंत तो खण चार जणींच्या हातांतून गेला. बाकीच्या तिघींना ती गाठ लागली होती का, नथ गेल्याचं ऐकून आठवली का, ते मी सांगू शकत नाही. मला विचारायची हिंमत नाही आणि त्यांना सांगायची नसावी.

काकूंनी नथ पोचती केली. त्या संध्याकाळी ग्रुपवर मंदाकिनीबाईंचा मेसेज: ‘श्रीकृपेने नथ घरातच मिळाली. सर्व भगिनींचे आभार.’ खाली तेवीस जणींचे जोडलेले हात. सरिताचं नाव नाही. वर सरकवलं की तिचा फोटो तसाच, ‘सावध राहा’ सकट.

काकू आणि मी मंदाकिनीबाईंकडे गेलो. “जिथी चोर लिहिलं, तिथीच लिही का ते चोर नव्हती,” काकू म्हणाल्या.

“वहिनी, तिले एक चांगली साडी देऊन टाकते. कामावरही ठेवते परत. अजून काय पाहिजे? ग्रुपवर लिहिलं तर माही काय इज्जत राहील?”

“अन् तिची?”

मंदाकिनीबाईंनी श्यामरावांकडे बघितलं. श्यामराव पेपर वाचत होते. ते वाचतच राहिले.

बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, “मी इतकी पुस्तकं वाचली, मले त्यांचा एकच राग येते. शेवटच्या पानावर सगळे चहा पितेत. आधी ज्या मोलकरणीवर आळ घेतला, तिचं कोणी नाव काढत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “मंदा लिहीत नाही. तू लिही. बाकीच्यांचं नको, तुहं तेवढं लिही.”

मी तिथेच स्कूटरला टेकून लिहिलं. ‘नथ जांभळ्या खणात होती. तो खण मंदाकिनीबाईंनी वाटला आणि फिरत माझ्याकडे आला. मी तो पुढे दिला. मला आत गाठ लागली होती. फोटो आला तेव्हा मला ती आठवली आणि मी गप्प बसले. सरिताने काहीही चोरलं नाही.’ पाठवलं. कोणी हात जोडले नाहीत. अर्ध्या तासाने निधीचा, मंडळाच्या चिटणीसबाईंचा, मला एकटीला मेसेज आला: ‘मिळाली होती ना नथ, मग ह्याची काय गरज होती?’ मी त्याला उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी काकूंना घेऊन तलावापलीकडे सरिताच्या वस्तीत गेले. तो फोटो तिथेही पोचला होता, तिच्या पोरीला नळावर बायकांनी हटकलं होतं. सरिता नळावरच होती, आजूबाजूला सात-आठ बायका. मी म्हटलं, कामावर परत ये. ती म्हणाली, आधी इथे सगळ्यांसमोर वाच. तिला मेसेजचं कुठून तरी कळलं होतं. मी उभी राहून हिंदीत वाचला, सगळा. बायका पाणी भरायचं थांबवून ऐकत होत्या. काकू माझ्या मदतीला आल्या नाहीत, बाजूला एका उलट्या बादलीवर बसून राहिल्या.

वाचून झाल्यावर सरिताने नळ बंद केला.

“जब मैं तुंहर दुआरी म आए रहेंव,” ती म्हणाली, “तब तुमन ला पता रहिस, दीदी?”

ती माझ्या दारात आली तेव्हा मला माहीत होतं का? मी हो म्हटलं.

तिने भरलेली बादली उचलली, पोरीला पुढे घातलं आणि घराकडे निघाली. माझ्याकडे ती कामाला आलेली नाही. काकूंकडे रोज जाते.