आजोळ विचारणारे बाबा

खोडदच्या बाबांना कुणीही भेटलं, की ते आधी त्याचं आजोळ विचारतात. माणसाचं विचारतात, तसंच घोड्याचंही. शर्यतीत बैलगाड्यापुढं पळायला कोणतं शिंगरू धरायचं, हे ठरवायला आमच्याकडं सगळे त्यांनाच बोलावतात.

आमच्या शिंगरीचा बाप रेसकोर्सवरचा. त्याच्या वंशावळीचा छापील कागद मी कौतुकानं पुढं केला. बाबांनी तो मान डोलवत सगळा वाचला.

"राव, पाय लई मोठ्या घरचं हायेत. पण मागनं बैल उधळत आलं की बुजायचं का न्हाई, ते आईकडनं येतं."

मग शिंगरीकडं त्यांनी बघितलंच नाही. तिच्या म्हाताऱ्या आईमागं जाऊन पत्र्याचा डबा दाणकन आपटला. मी दचकलो. घोडीचा कानसुद्धा हलला नाही; ती कडबा खात राहिली.

"ठेवा हिची पोर. पळंल," बाबा हळूच म्हणाले.

यंदाच्या यात्रेत शिंगरी बैलांपुढं अशी सुटली, की माईकवर ओरडणाराही खुर्चीवर चढून बघायला लागला. आमचा गाडा पहिला आला. गुलालात शिंगरी ओळखू येईना. गर्दीत बाबा मात्र कुठंच दिसले नाहीत.

वाजतगाजत घरी आलो, तर ते आधीच आमच्या गोठ्यात पोचले होते. शर्यतीच्या घाटातून, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवरून, मुठीत आणलेला गुलाल म्हाताऱ्या घोडीच्या कपाळाला लावत होते.