लॉट सतराची सही

जितेंद्रने टाइप केलेले पत्र टेबलावर ठेवले आणि त्यावर स्वतःचे पेन ठेवले.

"डेल्फिन, खाली सही कर. चारच ओळी आहेत, वाचत बसू नकोस."

डेल्फिन डाबरेने त्या वाचल्या. लॉट सतरा तपासताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, असे त्यात होते.

"झालाच नाही, तर सही कशी करू?"

"लिहिलंय मी. तू नुसतं नाव टाकायचंय."

"तेच तर माझं आहे ना, सर."

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर जितेंद्रची कंपनी आहे. अकरा माणसे. प्रयोगशाळांना लागणारी प्रथिने तिथे तयार होतात. त्यातले सर्वांत खपणारे म्हणजे माणसाच्या पेशीतले एक एन्झाइम. जनुकावरून उतरवलेल्या आरएनएमधले एक अक्षर बदलायचे, एवढेच त्याचे काम. त्याचे जनुक यीस्टमध्ये घालतात, यीस्टकडून एन्झाइम बनवून घेतात, शुद्ध करून इवल्याशा ट्यूबांत भरतात आणि उणे ऐंशी अंशांवर ठेवतात. हे औषध नव्हे, फक्त संशोधनासाठी. ट्यूबवर तसे छापलेलेच असते. तपासणीच्या आलेखात जिथे ए हे अक्षर होते तिथे जी उभे राहिले, की एन्झाइम चालते आहे. नाही राहिले, तर ट्यूबमध्ये महागडे पाणी आहे.

ही तपासणी नऊ वर्षे डेल्फिन करते. माहेर सांडोरचे, केळीच्या वाडीतले. वसईतच बीएस्सी झाली, लग्न झाले, दोन मुली झाल्या, आणि तेहतिसाव्या वर्षी नोकरी शोधायला निघाली तेव्हा मिळाली ती इथली पॅकिंगची. थर्माकोलच्या खोक्यांत ड्राय आइस भरायचे. तपासणी करणाऱ्या बाई सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी टिकेना, म्हणून जितेंद्रने तिला बसवले. पहिला पूर्ण आठवडा तिचा एकही प्रयोग लागला नाही. आठव्या दिवशी लागला आणि मग का लागला हे कळेपर्यंत तिने आणखी पंधरा दिवस घातले. तेव्हापासून बाहेर गेलेल्या प्रत्येक लॉटच्या कागदावर तिची सही आहे.

तक्रार पुण्याच्या एका संस्थेतून आली होती. डॉ. सिद्धेश म्हणून कोणी होते. लॉट सतरा मेलेला आहे, ए सगळे जसेच्या तसे आहेत, असे त्यांनी कळवले होते. डेल्फिनने त्याच लॉटच्या राखीव ट्यूबा काढून दोनदा तपासल्या. दोन्ही वेळा जी ठणठणीत.

"लॉट चांगलाय हे मलाही माहितीये," जितेंद्र म्हणाला. "पण गिऱ्हाईक मोठं आहे. त्याला, तुमचं चुकलं, असं सांगायचं नसतं. कर्मचाऱ्याची चूक म्हटलं की फाइल बंद होते."

"फाइल तुमची बंद होते. माझ्या बाकीच्या सह्यांचं काय? एकदा मी निष्काळजी ठरले की आधीचे लॉट कोण खरे मानणार?"

"शुक्रवारपर्यंत सही नाही झाली, तर पॅकिंगला बसावं लागेल."

घरी नवऱ्याने, मार्सेलने, ऐकून घेतले. तो शाळेत गणित शिकवतो. भांडण त्याला मानवत नाही.

"एक सॉरी लिहिलंस तर काय झिजणार आहे गो तुझं?"

"तू कुमसाराला जातोस तेव्हा पाद्रीबाबाला शेजाऱ्याचं पाप सांगून येतोस?"

"शेजाऱ्याचं सांगायला लागलो तर रविवारची मिसा चुकेल," मार्सेल म्हणाला आणि जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने तक्रारीवरचा नंबर पाहून थेट पुण्याला फोन लावला.

"मी डेल्फिन डाबरे. लॉट सतरा मी तपासलाय."

"मग नीट तपासायला हवा होता," सिद्धेश म्हणाले. "तुमचं शिक्षण काय, मॅडम?"

"बीएस्सी. दोन साखळ्यांचं आरएनए तुम्ही स्वतः जोडलंत?"

"अर्थात. पंचाण्णव अंशांवर तापवलं, मग थंड केलं."

"कशात?"

"बर्फात! आरएनए बर्फात ठेवतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं."

"ठेवतात बर्फात, सर. जोडतात नाही. एकदम गार केलं की साखळ्या एकमेकींना भेटायच्या आधीच स्वतःभोवतीच गुंडाळून बसतात. हे एन्झाइम जोडीवर काम करतं, एकटीवर नाही. हळूहळू थंड होऊ द्या, तासभर तरी, आणि मग बघा."

"तुम्ही मला शिकवताय?"

"हो. माझाही एक आठवडा याच बर्फात गेलाय."

पलीकडून फोन ठेवला गेला.

गुरुवारी जितेंद्रला दोन वाक्यांचा मेल आला. एन्झाइम काम करते आहे. तक्रार मिटवण्यासाठी तुमच्या बाजूचे कारण लेखी कळवावे. बर्फाचा उल्लेख नव्हता, डेल्फिनचाही नव्हता. जितेंद्र खुशीत तेच जुने पत्र घेऊन आला.

"बघ, सगळं गोड झालं. आता कारण म्हणून एवढं जोडलं की विषय संपला."

"आता तर त्यांनाही माहितीये की माझं चुकलं नाही. तरी लिहू?"

"त्यांना माहितीये म्हणूनच लिही ना. मनावर कोण घेणार आहे?"

डेल्फिनने ते पत्र उलटे केले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, त्याच्याच पेनने लिहिले: आरएनएच्या साखळ्या तापवून थेट बर्फात ठेवल्यामुळे त्या जुळल्या नाहीत. लॉट सतरा योग्य आहे. खाली पूर्ण नाव.

"हे कारण. हे पाठवा."

तक्रारीचे उत्तर जितेंद्रच्याच मेलवरून जात असे. त्याने कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "सोमवारपासून पॅकिंग."

सोमवारी ती पॅकिंगला बसली. जाड हातमोजे घालून खोकी भरू लागली. येणारेजाणारे विचारत, "काय डेल्फिन, प्रमोशन?" ती म्हणे, "हो ना. इथं निदान खोटी सही मागत नाहीत."

लॉट अठरा तयार होऊन फ्रीजरमध्ये पडला होता. जितेंद्रने तपासणी स्वतः करून पाहिली, दोनदा. एकदाही लागली नाही. मग पॅकिंगच्या दाराशी येऊन त्याने विचारले, "तू काय वेगळं करतेस?"

"कागदावर सगळं लिहिलंय. वाचायचं असतं, सर."

दहाव्या दिवशी तो परत आला. हैदराबादचे गिऱ्हाईक रोज फोन करत होते.

"चल, अठरा लावायचाय."

"पत्र गेलं?"

"कुठलं?"

"तुमच्या ड्रॉवरमधलं."

"डेल्फिन, हट्टाला काही सीमा?"

"आहे की. ते गेलं की माझा हट्ट संपला. नाहीतर इथं मला काही कमी नाही."

 जितेंद्र जाऊन ड्रॉवरमधला कागद घेऊन आला, तिच्यासमोर फोनवर त्याचा फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. तिने फोन मागून घेतला. पत्ता बघितला, फोटो मोठा करून शब्दन् शब्द वाचला, पाठवल्याची खूण बघितली आणि फोन परत दिला.

"झालं समाधान? आता तरी तपासणीला चल."

"दोन खोकी राहिलीत," डेल्फिन म्हणाली. "ती भरून येते."