श्वास ओळखणारं यंत्र

माझ्या दिरांना खोलीत माणूस आहे का न्हाई हे ओळखणारी यंत्रं घरभर बसवायची हौस आली, आणि त्या हौसेपायी माझ्या सासूबाई आपल्याच खोलीतून उठून गेल्या. आज सांगतानाही माझं डोकं फिरतं.

सासूबाईंचे गुडघे दुखरे. एकदा अंधारात बटन चाचपडताना त्या कपाटावर आदळल्या. पुण्याला राहणाऱ्या दिरांना फोनवर हे कळलं, आणि ते पुढच्याच रविवारी सेन्सरचे डबे घेऊन जालन्यात आमच्याकडं हजर. "भाभी, आता आईला बटनाला हातच लावायला नको. ती आली की दिवा लागंल, गेली की बंद." शिवाय कोणत्या खोलीत माणूस आहे ते त्यांना पुण्यात बसून मोबाइलवर दिसणार. आमचे हे लगेच खूश. आमचं बियाण्याचं दुकान आहे. कास्तकार पिशवी घ्यायला आला की हे त्याला आधी विचारतात, जमीन कसली, पाणी किती, मागल्या साली काय पेरल्तं. सख्ख्या आईच्या खोलीत यंत्र लावताना आईला मात्र एक शब्द विचारला न्हाई. भिंतीवरची जुनी बटनंही काढून टाकली, बरी दिसत न्हाईत म्हणून.

आम्ही स्थानकवासी जैन. सासूबाई रोज दिवेलागणीला सामायिक करतात. तोंडाला मुहपत्ती बांधायची, रेतीचं घड्याळ समोर ठेवायचं आणि रेती सरेपर्यंत माळ घेऊन एका जागी स्थिर बसायचं. तेवढ्या वेळात आपल्यामुळं कोणत्याच जिवाला इजा होऊ द्यायची न्हाई. अग्नीतही जीव असतो आणि विजेलाही आम्ही अग्नीच धरतो, म्हणून दिवा-पंखा बंद. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे दोघं भाऊ तर याच माउलीच्या शेजारी मांडी घालून मोठे झालेले.

पहिलं यंत्र हालचाल बघणारं होतं. सासूबाई स्थिर बसल्या की दिवा जायचा आणि जरा हात हलला की भक्कन लागायचा. दर वेळी त्या 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून माफी मागायच्या. मंग त्यांनी हलणंच सोडलं. पायाला मुंग्या आल्या तरी तशाच बसून राहायच्या, उठताना मला धरून उठवावं लागायचं. मी यांना म्हटलं, "अहो, काढा ते. मम्मीजींची सामायिक मोडून राह्यली." यांनी भावाला काय कळवावं? आई बसलेली असतानाच दिवा जातो, माल कच्चा दिसतोय.

झालं. दीर दुसरं घेऊन आले, भारीतलं. याला म्हणे श्वाससुद्धा कळतो, माणूस नुसता बसला असला तरी छाती वरखाली होते तेवढ्यावरून ओळखतं. छताला लावायचं का कोपऱ्यात, पडदा हलला तर फसंल का, यावर दोघा भावांनी अख्खी दुपार घालवली. मी तिथंच उभी राहून म्हटलं, "सामायिकेला दिवा नकोच आहे त्यांना." दीर हसले. "भाभी, ती बटन कुठं दाबते? आपोआप लागतो. तिला दोष कसा लागंल?" तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. धर्मही आता हेच शिकवणार.

आता दिवा जाईचना. सासूबाई मला म्हणाल्या, "बेटा, पहिले हललं तर जळायचा. आता श्वास घेते म्हणून जळून राह्यला. श्वास कसा थांबवू?" मी तेव्हाच ते उपटून फेकणार होते. त्यांनी हात धरला. "लेकानं हौसेनं आणलंय. तुला माझी शपथ, बोलू नको."

मी शपथ पाळली. मंग एका संध्याकाळी दिरांचा फोन आला. "भाभी, आठवडा झाला, ह्या वेळेला आईच्या खोलीत कोणीच न्हाई असं दाखवतंय. सेन्सर बिघडला वाटतं. जरा फडकं मारून बघता का?"

मी खोलीत गेले. दिवा बंद, आसन न्हाई, माळ न्हाई. देवघर पाहिलं, अंगण पाहिलं. शेवटी गच्चीच्या जिन्यात, वरच्या वळणावर, बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांशेजारी सासूबाई सापडल्या. तेवढ्याच जागी यंत्र लावायचं राहून गेल्तं. ते गुडघे घेऊन त्या रोज एवढ्या पायऱ्या चढत होत्या, आणि मी खाली भांडी आवरत होते. मुहपत्ती बांधलेली, डोळे मिटलेले. मी खालच्या पायरीवर बसून राहिले आणि मला रडू आलं.

रेती सरली. त्यांनी मुहपत्ती सोडली, मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारख्या ओशाळल्या. "इथं मी आहे हे कोणाला कळत न्हाई, बेटा," त्या म्हणाल्या. "बरं वाटतं."

त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि मी पुण्याला फोन लावला. आता शपथ-बिपथ काही न्हाई.

"तुमचं यंत्र बिलकुल बराबर आहे," मी म्हटलं. "खोलीत कोणी न्हाईच. आठवडाभर तुम्हाला दिसून राह्यलं की आई खोलीत न्हाई, आणि तुम्ही मला फडकं मारायला सांगता?"

मंग दिरांनी विचारलं, "आई कुठंय, भाभी?"